कोण म्हणतं धर्मापुरीला शरद नाही?

घटस्थापना जवळ आली की परळी-अंबाजोगाईकडच्या हौशी छायाचित्रकारांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: आपल्याकडे कसला आलाय शरद, तो पंचांगात असतो. वाक्य झालं की बेत ठरतात. ऐपत असणारे श्रीनगरच्या चिनारांकडे निघतात. बेताची ऐपत असणारे कासच्या पठाराचं ऑनलाइन बुकिंग करतात. दोन्ही न जमणारे मोबाइलवर घराशेजारच्या लिंबाचा फोटो उघडतात, त्यावर शरदाचा तयार फिल्टर चढवतात आणि हिरवा लिंब नारिंगी करून टाकतात. असा नारिंगी लिंब आजवर कुणी पाहिलेला नाही. तरी त्या फोटोखाली 'वा, काय रंग!' असं लिहिणारी माणसं आमच्याच गावची असतात आणि त्यांच्या दारात तोच लिंब हिरवागार उभा असतो.

मला या वाक्याशी भांडायचंय, आणि ते धर्मापुरीच्या शिवारात उभं राहून भांडायचंय. धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातल्या परळी तालुक्यातलं गाव. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं मंदिर आणि किल्ला, एवढीच त्याची बाहेरच्या जगाला ओळख, तीही इतिहासाची आवड असणाऱ्यांपुरती. हे गाव मुद्दाम घेतलं. आमच्याच जिल्ह्यातली कपिलधार किंवा पाटोद्याकडचं सौताडा पुढे केलं असतं तर भांडण फारच सोपं झालं असतं. तिथे धबधबा आहे, पावसाळा सरताना कुणाचाही कॅमेरा आपसूक बाहेर निघतो. धर्मापुरीला तसलं काही नाही. काळी रानं, माळ, बांधावरच्या बाभळी, पाणंदी. भांडण इथे टिकलं तर कुठेही टिकेल.

समोरच्यांचं एक म्हणणं आधीच मान्य करून टाकतो. चिनारासारखं लाल-पिवळं पेटलेलं झाड आश्विनात आमच्याकडे मिळणार नाही. त्याला कारण आहे. चिनार थंड मुलखातला. दिवस आखूड होऊ लागले, रात्री गारठू लागल्या की ते झाड पानांतलं हरितद्रव्य मोडून घेतं, मग पानं रंग बदलतात आणि गळतात. बालाघाटातल्या झाडांना थंडीचा धाक नाही, त्यांना धाक पाण्याचा. जमिनीतली ओल संपत येते तेव्हा पळस आणि साग पानं टाकतात, आणि ती वेळ येते पौषानंतर, पुढे फाल्गुनापर्यंत. म्हणजे आमची झाडं शिशिरात झडतात. आश्विनात त्यांच्याकडे लाल पानांची मागणी करणं म्हणजे मार्गशीर्षात आंब्याखाली उभं राहून पाड लागला का म्हणून वर बघणं. दोष आंब्याचा नसतो.

पण याचा अर्थ शरदात इथे पानगळ होतच नाही असा काढतात, तिथे माझी हरकत आहे. होते, आणि थोडीथोडकी नाही, शिवारच्या शिवार झडतं. फक्त ती झाडांवर होत नाही, सोयाबीनमध्ये होते. मृगात किंवा आर्द्रात पेरलेलं सोयाबीन भाद्रपद सरता सरता पिवळं पडायला लागतं. शेंगा भरल्या की झाड पानांतलं अन्न दाण्यांकडे ओढून घेतं, हरितद्रव्य मोडतं, मागे पिवळा रंग उरतो. चिनाराच्या पिवळेपणामागे जी क्रिया आहे तीच ही. फरक इतकाच की तो चिनार पन्नास-साठ फुटांवर असतो आणि हे सोयाबीन गुडघ्याला लागतं. आठ-दहा दिवसांत पानं खाली येतात, काळ्या मातीवर पिवळा थर साचतो आणि वर राहतात नुसत्या तपकिरी, लवदार शेंगा. मग इळे निघतात.

त्यातही बघणाऱ्याला आणखी एक गंमत सापडते. शेजारी-शेजारी दोन वावरं असतात, पेरणी एकाच आठवड्यातली, तरी एक पिवळंधमक आणि दुसरं अजून हिरवं. कारण पहिल्यात ३३५ हे वाण आहे, दुसऱ्यात फुले संगम. जेएस ३३५ साधारण ९५ ते १०० दिवसांत येतं, फुले संगम त्याहून काही दिवस जास्त घेतं. बांधावर उभं राहिलं की डावीकडे एक ऋतू, उजवीकडे दुसरा. मधून तुरीचे पाटे गेलेले असतात. तूर अजून कुठे कमरेच्या वर निघालेली, गडद हिरवी. पिवळ्या पट्ट्यांतून धावणाऱ्या त्या हिरव्या ओळी उंचावरून, निदान एखाद्या माळाच्या टेपावरून टिपल्या तर त्यांना कुठल्याही फिल्टरची गरज पडत नाही. हा पट वर्षातून पंधरा दिवस मिळतो. हार्वेस्टर आला की एका दुपारीत संपतो. तेवढ्या पंधरा दिवसांत आमची मंडळी बहुधा बुकिंगच्या भानगडीत असतात.

आता लाल रंगाचं. लालही आहे, पण त्याची गोष्ट जरा कडू आहे. कापसाच्या रानात दिवाळीच्या आगेमागे पानं लाल होऊ लागतात. आधी कडा, मग शिरांमधला भाग, मग पूर्ण पान जांभळट तांबडं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीमागून प्रकाश आला तर ते पान कुठल्याही परदेशी कॅलेंडरवर शोभेल. शेतकरी त्याला 'लाल्या' म्हणतात आणि त्यांच्या तोंडून तो शब्द कधीही कौतुकाने येत नाही. नत्र कमी पडलं, मॅग्नेशियम कमी पडलं, मुळाशी ओल राहिली नाही किंवा उलट पाणी साचून राहिलं, त्यात रात्रीचा पारा उतरला, की पानात तांबडं रंगद्रव्य तयार होतं. थंड देशांत मेपलला लाल करणारं द्रव्य याच जातीचं. तिकडे ती लाली बघायला लोक तिकीट काढून येतात, इकडे त्या लालीचं उत्तर म्हणून मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात, कारण लाल्या आला म्हणजे बोंडं लहान राहतात आणि वेचणी घटते.

मग त्या पानाचा फोटो काढावा का? मी म्हणतो, जरूर काढावा, आणि खाली 'लाल्या' असं स्पष्ट लिहावं. सुंदर दिसणारी गोष्ट नुकसानीची असू शकते, हे कळण्यासाठी धर्मापुरीसारखी दुसरी शाळा नाही. ज्यांना केवळ निर्भेळ सौंदर्य हवंय त्यांनी श्रीनगरला जावं. तिथल्या चिनाराखाली पान गळाल्याने कुणाचं पीक बुडत नाही.

बाकी रंगांबद्दल थोडक्यात. माळावर तरवड फुललेला असतो, दसऱ्याच्या सुमाराला त्याचा पिवळा जोरात. कुसळीचं गवत तांबूस सोनेरी होतं आणि वारा आला की सगळा माळ एका बाजूला कलतो. त्यातून चालल्यावर पँटला चिकटलेली कुसळं संध्याकाळी एकेक करून काढावी लागतात, हा त्या सौंदर्याचा कर. रब्बीची ज्वारी नुकतीच उगवलेली असते, काळ्याभोर मातीवर पोपटी रेघा. आभाळाला तर तोड नाही. परतीचा पाऊस निघून गेला की हवेतली धूळ धुतलेली असते आणि अजून नवी उडालेली नसते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा उल्लेख कुणीतरी करणारच म्हणून सांगतो: ती राख आहे, तिचा त्रास आहे, आणि पावसानंतरचे काही आठवडे ती सगळ्यात कमी जाणवते. लांबचं पाहायचं तर हेच दिवस.

दुसरं म्हणणं असं असतं की रंग राहू द्या, पण विषय तरी काय आहे? पडकं देऊळ नि किल्ला तर बारा महिने तिथेच असतात, त्यात शरदाचा काय संबंध? हे म्हणणारा माणूस देवळात गेला असेल, पण उन्हाकडे त्याने पाहिलेलं नाही. धर्मापुरी १९ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. त्या काळात तो उगवतोही पूर्वेच्या बराच उत्तरेला. परिणामी दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतीला त्या महिन्यांत सूर्य जवळजवळ तोंडच दाखवत नाही. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र समान होतात आणि गाडं फिरतं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पूर्वेच्या दहा-बारा अंश दक्षिणेला उगवतो. सकाळचं ऊन मग दक्षिणेच्या भिंतीला घासत जातं, आणि घासून जाणाऱ्या उन्हाइतकं शिल्पाला उठाव देणारं दुसरं काही नाही. दुपारी सूर्य ६० अंशांच्या आसपास असतो, म्हणजे मेसारखा टाळूवर बसत नाही. कोरीव कामाच्या प्रत्येक थराखाली सावलीची रेघ ओढतो.

केदारेश्वराच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी पाहायच्या त्या या उन्हात. मे महिन्यात गेलेल्या माणसाला त्या सपाट, काळपट आणि झिजलेल्या वाटतात. तो तसे फोटो काढून आणतो आणि वर म्हणतो, होयसळांचं काम बघा, हे काय. होयसळांच्या कामाशी माझं वैर नाही. पण तुलना करायची तर दोन्हीकडे सारखं ऊन असताना करावी. आणखी एक व्यावहारिक गोष्ट, कारण पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. आपला दगड काळा, मातीही काळी. कॅमेऱ्याला, मोबाइललाही, समोरचं सगळं मध्यम उजेडाचं वाटत असतं. काळं दिसलं की तो आपल्या मनाने उजळवतो. दगड राखाडी होतो, माती फिकट होते, आभाळ पांढरं पडतं. मग लोक म्हणतात, आमच्या भागात रंगच नाहीत. पडद्यावर बोट ठेवून उजेड एक पायरी खाली ओढावा. काळी माती काळी दिसायला लागली की तिच्यावरचा पोपटी आणि पिवळा आपोआप जागेवर येतो. मराठवाड्याची निम्मी बदनामी चुकीच्या एक्सपोजरने केलेली आहे, असं मी गमतीने म्हणतो, पण पूर्ण गमतीने नाही.

किल्ल्याच्या तटातही जुन्या देवळांचे दगड दिसतात. पाऊस संपून काही आठवडेच झालेले असल्याने त्या सांध्यांमधून गवत, वेली आणि शेवाळ असतं. हिरवं शेवाळ सुकत तपकिरी होत जातं. दिवाळीनंतर तो तट पुन्हा कोरडा दगड. हा बदल दोन खेपांत कळतो, एका खेपेत कळत नाही. माझ्या मते लांबच्या आणि जवळच्या छायाचित्रणातला खरा फरक इथे आहे. कासला तुम्हाला जो दिवस मिळाला तो मिळाला. त्या दिवशी धुकं असेल तर धुकं, रांग असेल तर रांग. सोनकी उद्या जास्त फुलणार असेल तरी उद्या तुम्ही ऑफिसात असता. पश्चिम घाटातल्या निवडक स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास आहे, आणि तिथल्या गर्दीवर बंधनं आली ती फुलं पायाखाली तुडवली जाऊ लागली म्हणून. घराजवळच्या माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येतं. पिवळं पडायला लागलेलं वावर, पूर्ण पिवळं वावर, झडलेलं वावर, कापलेलं वावर आणि त्यावर रचलेली बनीम, म्हणजे गंजी, हा क्रम बाहेरून आलेला कितीही महागडा कॅमेरा टिपू शकत नाही. लेन्सने अंतर कापता येतं, आठवडे कापता येत नाहीत.

आणि ही जवळच हिंडायची रीत आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. जपानी लोक पानांचे रंग बघायला सहली काढतात, याचं आपण कौतुक करतो. आपल्याकडे शरदातले सण बघा. घटात पेरायची माती वावरातून आणायची. दसऱ्याला सीमोल्लंघन, म्हणजे उतरत्या उन्हात चालत जाऊन गावची शीव ओलांडायची आणि आपट्याची पानं घेऊन परतायचं. कोजागरीला रात्री उघड्यावर बसून चंद्र बघायचा. कार्तिकात आवळीखाली जेवायचं. या सगळ्या रीती माणसाला घराबाहेर काढतात, आणि त्यातली एकही त्याला फार लांब पाठवत नाही. बहुतेक ठिकाणी आता शिलंगण म्हणजे चौकातलं भाषण नि ध्वनिक्षेपक झालंय, तो भाग वेगळा.

साहित्याचा दाखला मागणारेही भेटतात, म्हणून तोही देतो. दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. त्यातला ऋतू जवळून, महिन्यामहिन्याने बघितलेला आहे, त्यासाठी हिमालयात जावं लागलेलं नाही. ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ साली आल्या त्या अजिंठ्याजवळच्या पळसखेडच्या शेतातून, याच मराठवाड्यातून. त्याही मागे जायचं तर पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' आहे. तिच्यातही खेडं आहे, शेतं आहेत, कापूस आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासही या मुलखातल्या लोकांना आपलं रान बघण्याजोगं वाटत होतं. ते वाटेनासं झालं ते कॅलेंडरं छापायला लागल्यावर.

तिसरा आक्षेप मात्र मी इतका हलक्यात घेणार नाही, कारण तो घेणारी माणसं फिल्टरवाली नसतात, विचार करणारी असतात. ती म्हणतात: बीड जिल्ह्यात शरद म्हणजे ऊसतोडीला निघायचे दिवस. मुकादमाची उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या दरम्यान जोडपी कोयते बांधून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेरडं, लेकरं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये अतिवृष्टीने मराठवाड्यातली रानं पाण्याखाली गेली, काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या जागी कुजलं. अशा ठिकाणी सौंदर्य शोधणं ही चैन आहे, कदाचित निर्लज्जपणाही.

यातली वस्तुस्थिती शंभर टक्के खरी आहे. निष्कर्ष मला मान्य नाही, आणि का ते सांगतो. मराठवाड्याचा फोटो म्हटला की काय डोळ्यांसमोर येतं? भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, आभाळाकडे बघणारा म्हातारा. १९७२ च्या दुष्काळापासून ही चौकट तयार झाली, आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं तेव्हा ती पुन्हा देशभर छापली गेली. ते फोटो खोटे नव्हते. त्यांची गरजही होती. पण तो उन्हाळ्यातला, एका विशिष्ट वर्षातला फोटो आमची बारमाही ओळख होऊन बसला. ऑक्टोबरातल्या लेखासोबतही संपादक तोच छापतात, कारण त्यांच्या संग्रहात मराठवाड्याचा दुसरा फोटोच नसतो. दुसरा का नसतो? कारण तो काढू शकणारे आम्ही कासला गेलेले असतो. जिथे बघण्यासारखं काही नाही असं ठरलं, तिथलं पाण्याखाली गेलं तरी लोकांना फार मोठं काही बुडालंय असं वाटत नाही. २०२५ च्या पुरात नेमकं काय गेलं हे ज्याला दाखवायचंय, त्याच्याकडे २०२४ च्या आश्विनातलं तेच पिवळं वावर, त्याच बांधावरून काढलेलं, असायला हवं. तारखेसकट. नुकसानीचा पंचनामा करणाऱ्याला तो फोटो चालेल न चालेल, पण आधी काय होतं हे सांगणारी दुसरी वस्तू नाही.

या आक्षेपवाल्यांच्या आणि माझ्या एका तक्रारीवर मात्र एकमत व्हावं. मावळत्या सूर्यासमोरून जाणारी ऊसतोड्यांची गाडी नुसती काळी आकृती म्हणून टिपायची आणि खाली 'परतीची वाट' असलं काही लिहायचं, हा प्रकार मलाही संतापजनक वाटतो. ती परतीची वाट नसते. ती जायची वाट असते, आणि परत यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. त्या माणसांचे चेहरे काळे करून त्यांना देखाव्यात बसवणं हे दुष्काळाच्या फोटोपेक्षा वाईट, कारण दुष्काळाच्या फोटोत निदान चेहरा असतो. विचारून फोटो काढावा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली. पिकात पाय घालू नये. बनीम भिजत असताना फोटो काढत उभं न राहता ताडपत्रीचं एक टोक धरावं. एवढं पाळणाऱ्याला मी चैनखोर म्हणायला तयार नाही.

उरतो तो चैनीचा मुद्दा. तोडीला जाणाऱ्यांचं हे म्हणणं असेल असं शहरातल्या सहृदय माणसांनी परस्पर ठरवून टाकलंय. निघायच्या आधीच्या दिवसांत धर्मापुरीसारख्या कुठल्याही गावातल्या तरुण पोरांचे मोबाइल बघा. फुलायला लागलेल्या तुरीत उभं राहून काढलेले फोटो, बैलजोडीचे, बांधावरच्या तरवडाचे, बहिणीच्या हातातल्या कापसाच्या बोंडाचे. ते स्टेटसला लावले जातात आणि पुढे पाच महिने, उसाच्या फडाजवळच्या कोपीत, रात्री चार्जिंग असेल तेव्हा उघडून पाहिले जातात. त्यांना कुणी छायाचित्रकार म्हणत नाही. घराजवळचा शरद टिपणारे आमच्या तालुक्यातले सगळ्यात निष्ठावान लोक तेच. आपल्या वावराचा फोटो काढणं ही चैन आहे, हे ज्यांना सांगायचंय त्यांनी ते या पोरांना समोर बसवून सांगावं.